मुंबई ते नागपूर विमानाने किती अंतर आहे आणि किती वेळ लागतो?

सरळ रेषेत साधारण ६८५ किमी. रेल्वेने हेच अंतर ८३७ किमी पडतं, समृद्धी महामार्गाने ७०१, त्यामुळे गुगलवर वेगवेगळे आकडे बघून गोंधळू नका.

विमान हवेत असतं जेमतेम सव्वा तास पण तिकिटावर दीड तासाच्या आसपास लिहिलेलं असतं, कारण तो वेळ गेटपासून गेटपर्यंतचा धरतात, म्हणजे मुंबईत विमानाने जमिनीवरून हळूहळू सरकत रनवेकडे जायचं, मग रनवेसाठी लाईनीत उभं राहायचं, हे सगळं त्यात आलं. येताना तर विचारूच नका, मुंबईवर गर्दी असली की वरच चकरा मारायला लावतात, मी एकदा खिडकीतून तीच खाडी तीनदा बघितली आणि शेजारचे काका म्हणाले, "एवढ्यात आपण परत नागपूरला पोचलो असतो!"

हिवाळ्यात वरचं वारं पश्चिमेकडून असतं म्हणून जाताना पाच-दहा मिनिटं वाचतात, येताना तेवढीच जास्त लागतात.

खरा वेळ जातो तो जमिनीवर. नागपूरचं विमानतळ सोनेगावला, गावातच म्हणा ना, अर्ध्या तासात घरी. मुंबईत मात्र घर ते विमानतळ दीड तास सहज धरा, आणि बुक करताना टर्मिनल बघा, टी१ आहे का टी२, आणि आता नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय तर तिकिटावर विमानतळाचा कोड बीओएम (जुनं मुंबई विमानतळ) आहे का एनएमआय (नवी मुंबई) तेही बघा, नाहीतर अंधेरीत पोचून कपाळावर हात मारायची वेळ येईल.