वाचकांचे प्रश्न : जांभळा रंग का येत नाही?

प्रश्न : प्रथिन ओळखण्याच्या बायुरेट चाचणीत अंड्याच्या पांढऱ्या भागाचे द्रावण, सोडियम हायड्रॉक्साइड आणि कॉपर सल्फेट सारख्याच प्रमाणात घेतले. जांभळा रंग आलाच नाही, नळीत निळा गाळ बसला. अंड्यात प्रथिन असूनही असे का?

उत्तर : प्रथिन आहेच, कॉपर सल्फेट जास्त झाले. जादा तांबे अल्कलीत कॉपर हायड्रॉक्साइड बनून खाली बसते आणि त्याच्या निळ्या रंगात जांभळा झाकून जातो. 2 मिली द्रावणात 10 टक्क्यांचे सोडियम हायड्रॉक्साइड 2 मिली घाला व हलवा. मग 1 टक्क्याच्या कॉपर सल्फेटचे दोन-तीन थेंबच, एकेक करून, दर वेळी नळी हलवत सोडा. तापवायची गरज नाही. मिनिट-दोन मिनिटांत रंग दिसतो. सोडियम हायड्रॉक्साइड कातडी भाजते, डोळ्यांवर चष्मा हवाच.

पांढरा भाग नुसत्या पाण्यात कालवला तर ग्लोब्युलिन प्रथिने न विरघळता वेगळी पडून द्रावण गढुळते. म्हणून 0.9 टक्के मिठाच्या पाण्यात एकास नऊ असा कालवून गाळून घ्या. अमोनियम सल्फेट वापरून वेगळे केलेले प्रथिन असेल, तर अमोनियाच तांब्याशी गडद निळा रंग देतो. अशा वेळी ते क्षार आधी काढावे लागतात.

ही चाचणी खरे तर पेप्टाइड बंधांची, म्हणजे अमिनो आम्लांना जोडून प्रथिनाची साखळी बनवणाऱ्या दुव्यांची आहे. तांब्याचा आयन या बंधांतल्या नायट्रोजनना धरतो. सुट्या अमिनो आम्लात असा बंध नसतो, दोन अमिनो आम्लांच्या जोडीत एकच असतो, त्यामुळे दोन्हींत रंग येत नाही. निदान दोन बंध हवेत.

प्रश्न : अंडे उकडले की प्रथिन तुटते का? नसेल, तर ते पुन्हा पातळ का होत नाही?

उत्तर : अमिनो आम्लांची साखळी तुटत नाही, तिची ठरावीक आकाराची घडी मोडते. पेप्टाइड बंध उकळत्या पाण्यात काही मिनिटांत तुटण्याइतके कच्चे नसतात. घडी सांभाळणारे हायड्रोजन बंध आणि पाण्यापासून आत दडलेल्या भागांची जुळणी मात्र हलक्या हाताची असते. पांढऱ्या भागातले ओव्होट्रान्सफेरिन साधारण 60 अंश सेल्सियसच्या पुढे उलगडू लागते, तर सर्वांत जास्त असलेले ओव्हाल्ब्युमिन 80 अंशांच्या आसपास. म्हणूनच पांढरा भाग आधी थरथरीत आणि मग घट्ट होतो.

घडी परत बसू शकते, हे शास्त्रज्ञ ख्रिश्चन अनफिन्सन यांनी 124 अमिनो आम्लांच्या रायबोन्युक्लिएज या एन्झाइमवर दाखवले. युरिया आणि मर्कॅप्टोइथेनॉलने त्यांनी ते उलगडले. दोन्ही काढून हवेतला ऑक्सिजन मिळू दिल्यावर चारही डायसल्फाइड बंध (गंधकाच्या दोन अणूंमधले दुवे) योग्य जागी जुळले आणि एन्झाइम पुन्हा काम करू लागले. यासाठी त्यांना 1972 चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. पण त्यांचे द्रावण विरळ होते. अंड्याच्या पांढऱ्या भागात सुमारे 10 टक्के प्रथिन दाटीवाटीने असते. उलगडलेली साखळी स्वतःची घडी घालण्याआधीच शेजारणीला चिकटते, आणि गार केल्याने हा गुंता सुटत नाही.

प्रश्न : स्टार्चचा आयोडीनमुळे आलेला निळा रंग तापवल्यावर गेला. स्टार्च नष्ट झाले का?

उत्तर : नाही. स्टार्चमधल्या अमायलोजची साखळी मळसूत्रासारखी वळलेली असते, दर वेढ्यात सुमारे सहा ग्लुकोज. आतल्या पोकळीत आयोडीन बसले की निळा रंग दिसतो. तापवल्यावर आयोडीन बाहेर पडते, गार केल्यावर परत आत जाते. गार होऊनही रंग आला नाही तर आयोडीनचा एक थेंब घाला, बहुधा पहिले उडून गेलेले असते. तरीही रंग नसेल आणि द्रावण आम्लात उकळले असेल, तर मात्र स्टार्चचे तुकडे झाले असे समजा.