दुसऱ्या बाळाची चाहूल, घरातलं पहिलं बाळ

प्रश्न : मला 34वा आठवडा चालू आहे. पहिल्या वेळी बाळाची हालचाल तासन्‌तास निरखायचे. आता अडीच वर्षांच्या मुलामागे धावताना दिवस कसा जातो कळत नाही, आणि रात्री एकदम आठवतं, आज बाळ हललं का?

दुसऱ्या खेपेला हे फार होतं, आणि मी सगळ्यात आग्रहाने बोलते ते याच विषयावर. तुम्ही चालत-फिरत असता तेव्हा बाळाचे छोटे धक्के जाणवतच नाहीत. त्यामुळे दिवसातून एकदा, बाळ एरवी जास्त हलतं त्या सुमाराला, मुलाला कुणाकडे तरी सोपवून डाव्या कुशीवर शांत पडून राहा. फोनही बाजूला ठेवा. लाथ, वळवळ, रेटा, सगळं मोजा. उचकी मात्र मोजू नका. दोन तासांत 10 हालचाली जाणवायला हव्यात. बहुतेकदा त्या खूप आधीच पूर्ण होतात.

आकड्याहूनही महत्त्वाची तुमच्या बाळाची रोजची रीत. ती मंदावली किंवा बदलली असं वाटलं, तर त्याच दिवशी, रात्र असली तर रात्रीच, दवाखान्यात फोन करा. ‘गोड काहीतरी खाऊन बघू, सकाळपर्यंत थांबू’ असं करू नका. नवव्या महिन्यात जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं, ही समजूतही चुकीची आहे. लाथांऐवजी रेटे, लोळणं जाणवेल, पण हालचाल कमी होता कामा नये. तपासणीत सगळं ठीक निघालं तर फारच छान. मध्यरात्री अशी शंका घेऊन आलेल्या एकाही बाईला मी ‘उगाच आलात’ म्हटलेलं नाही.

प्रश्न : झोपेत मी पाठीवर वळते, त्याने बाळाला त्रास होतो का? आणि संध्याकाळी पाय सुजतात ते?

28 आठवड्यांनंतर झोपायला जाताना कुशीवरच झोपायचं. पाठीवर पडलं की गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो आणि बाळाकडे जाणारं रक्त कमी होऊ शकतं. मध्येच जाग आली आणि पाठीवर असलात, तर घाबरू नका, कूस बदला आणि झोपा.

संध्याकाळी पाय सुजणं नेहमीचं. पण चेहरा किंवा हात अचानक सुजले, डोकं दुखायचं थांबेना, डोळ्यांपुढे चमकायला लागलं किंवा बरगडीखाली दुखलं, तर त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्या. 140/90 किंवा त्याहून जास्त असेल तर लगेच डॉक्टरांना कळवा.

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची आहे. पोटावर हात ठेवते आणि म्हणते, “याला परत पाठव.” सगळे तिला ‘तू आता मोठी ताई’ म्हणतात, त्यावर ती चिडते.

तिला रागवू नका. ‘असं बोलू नये’ हेही नको. ‘बाळ आलं की आई माझी राहील का, असं वाटतं ना तुला?’ एवढं विचारा आणि जवळ घ्या. ‘मोठी ताई’ म्हटलं की पाठोपाठ काहीतरी हिरावलं जातं, कडेवर घेणं बंद, हट्ट बंद, असं तिच्या लक्षात आलं असेल, तर तिला त्या शब्दाचाच राग येणार.

‘तुझ्याशी खेळायला बाळ येणार’ हेही सांगू नका. येणारं बाळ रडतं, झोपतं, दूध पितं. तिला ती शुद्ध फसवणूक वाटते. त्यापेक्षा तिचे तान्हेपणचे फोटो काढून बसा, ‘तूही अशीच रडायचीस आणि मी रात्रभर तुला घेऊन फिरायचे’ हे सांगा. माझ्या अनुभवात याच्याइतकी उपयोगी दुसरी गोष्ट नाही. तिची खोली किंवा पलंग बदलायचा असेल, तर तो दोन-तीन महिने आधी बदला, नाहीतर बाळ आल्यावर काही महिने थांबा.

पहिल्या भेटीबद्दलही सांगते. एक मुलगी आईला भेटायला आली आणि दारातच थांबली. तिची नजर आईच्या चेहऱ्यावर नव्हती, मांडीवर होती. तिथे बाळ होतं. नर्सने बाळ उचलून पाळण्यात ठेवलं, आईने दोन्ही हात पसरले, तेव्हा कुठे ती धावली. दहा मिनिटांनी तीच म्हणाली, “दाखव ना.” तुमचीही मांडी त्या वेळी रिकामी असू द्या.

प्रश्न : चार वर्षांचा मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करतोय, बाटलीही मागतो.

हे बहुधा तात्पुरतं असतं. चिडवू नका, शिक्षा करू नका, बाटली मागितली तर द्या. दोन दिवसांत कंटाळतो. फक्त लघवीला जळजळ होत असेल किंवा तहान एकदम वाढली असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न (एका बाबांचा) : पहिल्या वेळी 18 तास कळा चालल्या. यावेळी निघायचं कधी, आणि मुलाचं काय?

यावेळी 18 तास धरून चालू नका, दुसरं बाळंतपण बहुतेकदा लवकर होतं. खोट्या कळा विश्रांतीने किंवा चालल्याने विरतात. खऱ्या कळा नियमित येतात, वाढत जातात, जवळ जवळ येतात. पहिल्या वेळी पाच-पाच मिनिटांवर येईपर्यंत थांबला असाल. आता त्या नियमित झाल्या की लगेच फोन करा. ‘डोकं अजून खाली उतरलं नाही, म्हणजे वेळ आहे’ असंही नाही. दुसऱ्या वेळी ते पुष्कळदा कळा सुरू झाल्यावरच उतरतं. पाणी गेलं किंवा रक्तस्राव झाला तर कळांची वाट न पाहता निघा.

मुलासाठी दोन माणसं ठरवून ठेवा, त्यातलं एक रात्री केव्हाही येऊ शकेल असं. ‘एखाद्या सकाळी उठशील तेव्हा आई-बाबा दवाखान्यात असतील, घरी मावशी असेल’ हे त्याला आत्ताच सांगा, आणि अनेकदा सांगा. त्याची पिशवी त्यालाच भरू द्या. माझ्या ओळखीच्या एकाने त्यात आईचा वापरलेला रुमाल कोंबला होता. तुमच्या मुलाने असं काही घातलं, तर काढू नका.