वाचकांचे प्रश्न : बाडेन-व्युर्टेम्बर्ग

प्रश्न : मुलाला कार्ल्सरूहे इथल्या सरकारी विद्यापीठात एमएससाठी प्रवेश मिळाला आहे. पत्त्यात ‘बाडेन-व्युर्टेम्बर्ग’ लिहिलं आहे. हा जिल्हा आहे का? आणि जर्मनीत शिक्षण फुकट ना, मग फी कसली? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : जिल्हा नव्हे, राज्य. जर्मनीच्या १६ राज्यांपैकी हे नैर्ऋत्येचं, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडला लागून. क्षेत्रफळ सुमारे ३५,७५० चौ. किमी, लोकसंख्या १ कोटी १० लाखांच्या वर. दोन्हींत देशात तिसरं. राजधानी स्टुटगार्ट, जी १९६८पासून मुंबईची भगिनी-नगरी आहे. देशाचं घटना न्यायालय मात्र कार्ल्सरूहेत आहे.

आता फी. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून हे राज्य २०१७च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १,५०० युरो घेतं. चार सत्रांच्या एमएसचे ६,००० झाले. अभ्यास रेंगाळून पाचवं सत्र लागलं, तर आणखी १,५००. पीएच.डी.ला ही फी नाही. विद्यापीठाचं किरकोळ सत्रशुल्क वेगळं. घोळ होतो तो ब्लॉक्ड अकाउंटपाशी, म्हणजे व्हिसासाठी आगाऊ पैसे भरून ठेवायच्या खात्यापाशी : ती रक्कम राहण्या-जेवण्यासाठी धरलेली असते आणि दरमहा हप्त्यानंच हाती येते. तिच्यातून फी भरायचा बेत केला की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात घरभाडं थकतं. फीची तजवीज निराळी ठेवा.

प्रश्न : बी१पर्यंत (मधल्या पातळीपर्यंत) जर्मन शिकले, पण स्टुटगार्टची माणसं बोलतात ते कळत नाही म्हणे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : वर्गात आणि कचेरीत प्रमाण जर्मनच चालते. अडतं ते बेकरीत आणि जिन्यात. तिथली श्वाबिश बोली ‘इस्ट’चं (आहे) ‘इश’ करते, ‘निश्त’चं (नाही) ‘नेट’, आणि छोट्या घराला ‘हॉइसशेन’ऐवजी ‘हॉइस्ले’ म्हणते. ‘आम्हांला सगळं येतं, प्रमाण जर्मन सोडून’ ही खुद्द राज्याचीच जाहिरात होती! जिन्यावरून आठवलं : दारावर ‘केरवोखे’ची पाटी लटकली, की त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. भाडेकरारात ती असेल तर टाळता येत नाही.

कार्ल्सरूहेच्या माणसाला मात्र ‘श्वाबी’ (श्वाबिश बोलणारा) म्हणू नका. कार्ल्सरूहे पडतं राज्याच्या बाडेन भागात. १९५२ साली तीन राज्यं जोडून हे राज्य झालं, तेव्हा बाडेनमधल्या पुष्कळांना ते नको होतं. १९७०च्या फेरमतदानात तिथल्या सुमारे ८२ टक्के मतदारांनी एकत्र राहण्याचा कौल दिला, तरी टोमणे चालूच आहेत.