वाचकांचे प्रश्न : नवी भाषा रचताना ध्वनिनियम

प्रश्न : एका दीर्घकथेसाठी मी भाषा रचते आहे. मूळभाषेचे, म्हणजे तिच्या जुन्या रूपाचे, दोनशे शब्द तयार आहेत. त्यांतून ‘आजचे’ शब्द काढायला बारा नियम लिहिले; त्यांत ‘दोन स्वरांमधल्या ल चा ळ होतो’ हा एक. पण नियम लावले की शब्दाच्या मधे किंवा शेवटी एकही ल उरत नाही. मला ल आणि ळ दोन्ही हवे आहेत. अपवादांची यादी करावी का? (कोथरूड)

उत्तर : यादी मुळीच करू नका. तुमचे नियम बहुधा बरोबर आहेत, क्रम चुकला आहे. मराठीने हाच पेच कसा सोडवला ते पाहा. संस्कृत ‘काल’ शब्दापासून आपला ‘काळ’ आला आणि ‘कल्य’ (पहाट) या शब्दापासून ‘काल’, म्हणजे आजच्या आधीचा दिवस. वाट चार पायऱ्यांची आहे. पहिली, जोडाक्षर एकसारखे होते : कल्य > कल्ल. दुसरी, दोन स्वरांमधल्या एकट्या ल चा ळ होतो : काल > काळ. ‘कल्ल’मधला ल दुहेरी असल्याने वाचतो. तिसरी, दुहेरी व्यंजन एकेरी होते आणि आधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ होतो : कल्ल > काल. चौथी, शेवटचा अ गळतो.

आता दुसरी आणि तिसरी पायरी उलट करा. ‘कल्ल’चा ‘काल’ आधीच झाला, मग ळ च्या नियमाने त्यालाही गाठले, आणि दोन्ही शब्द ‘काळ’ झाले. तुमच्याकडे नेमके हेच घडते आहे. चौथी पायरी दुसरीच्या आधी घेतली तर उलटी चूक होते : शेवटचा अ गेल्यावर ल दोन स्वरांमध्ये उरतच नाही, आणि ‘काळ’ कधी तयारच होत नाही.

न आणि ण यांची जोडीही याच वाटेने गेली. ‘पानीय’मधला न एकटा, म्हणून ‘पाणी’. ‘पर्ण’चे आधी ‘पण्ण’ झाले, म्हणून ‘पान’. याच कसोटीवर आपल्या शहराचे, पुण्याचे, नाव लावून पाहण्यासारखे आहे. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत ‘पुण्य’ आणि ‘पुनक’ अशी दोन्ही रूपे येतात. ‘पुण्य’पासून नियमाने न यायला हवा होता, ‘पुनक’पासून ण येतो. म्हणजे ध्वनिनियमाचे माप ‘पुनक’च्या बाजूने पडते.

प्रत्येक नियमासाठी निदान तीन शब्द असे निवडा की ज्यांना तो लागू पडतो, आणि तीन असे की जे थोडक्यात सुटतात. ही यादी क्रम बदलला की दरवेळी पुन्हा चालवा, आणि फक्त शेवटचे रूप न पाहता प्रत्येक पायरीचे रूप लिहून ठेवा. चूक मधल्या पायरीत सापडते.

प्रश्न : नियम मी वहीत साध्या वाक्यांत लिहितो. महिन्याने वाचले की माझे मलाच कळत नाही. लिहिण्याची ठरलेली पद्धत आहे का? (सदाशिव पेठ)

उत्तर : आहे. चार खाने भरा : काय बदलते, कशात बदलते, त्याच्या आधी काय, त्याच्या नंतर काय. ‘प > व / स्वर _ स्वर’ म्हणजे दोन स्वरांमधल्या प चा व. आडव्या रेघेच्या जागी बदलणारा ध्वनी आहे असे समजायचे. शब्दाची कड दाखवायला # वापरतात. या नियमाने ‘ताप’चा ‘ताव’ होतो. ‘पाद’चा प आरंभी असल्याने राहतो (पाय), आणि ‘सर्प’चे ‘सप्प’ झाल्याने ‘साप’ही सुटतो.

हे चारही खाने पाणिनीने विभक्तींनी दाखवले आहेत : ज्याच्या जागी बदल होतो ते षष्ठीत, जे येते ते प्रथमेत, आधीचे पंचमीत, नंतरचे सप्तमीत. ‘इको यणचि’ (6.1.77) घ्या : इक् च्या जागी यण्, पुढे अच् (कोणताही स्वर) असताना. इति + आदि = इत्यादि. इथे इ, उ, ऋ, ऌ या गटाला य, व, र, ल हा गट त्याच क्रमाने भिडतो, समान संख्येचे गट क्रमानेच जुळवायचे, असे वेगळे सूत्रच आहे (1.3.10). तुम्हीही ‘प त क > ब द ग’ असे लिहिताना दोन्हीकडची संख्या आणि क्रम तपासा. एका बाजूला ट राहून गेला की पुढची सगळी जोडी सरकते.

प्रश्न : शब्द छान उतरले, पण विभक्तीची रूपे यांत्रिक वाटतात. मूळ शब्द अधिक प्रत्यय, बस्स. (हडपसर)

उत्तर : कारण तुम्ही नियम नुसत्या मूळ शब्दावर चालवले आणि प्रत्यय मागाहून चिकटवले. प्रत्ययासकट रूप मूळभाषेतच तयार करा आणि अख्ख्या रूपावर नियम चालवा. ‘माणूस’ पण ‘माणसाला’, ‘कापूस’ पण ‘कापसाला’ : पुढे आकार आला की मधला उ गळतो. ‘मासा’ पण ‘माशाला’, ‘पैसा’ पण ‘पैशाला’ : ‘घोड्याला’मध्ये जो य अजून ऐकू येतो, त्याने इथे स चा श केला आणि स्वतः नाहीसा झाला. भाषेला जुनेपणा येतो तो अशा खुणांनी. वेगवेगळ्या घडणीची पाच नामे घेऊन त्यांची सगळी रूपे चालवून पाहा. फारच विस्कटली तर एखाद-दुसरे रूप बाकीच्यांच्या साच्यात बसवा; बोलणारेही तेच करतात.

प्रश्न : संगणकावर नियम देवनागरीतच चालवता येतील का? ‘शेवटचा अ गळतो’ हा नियम काहीच करत नाही. (कर्वेनगर)

उत्तर : ‘हत्त’ लिहिले की संगणकाला ह, त, हलन्त, त एवढेच दिसते. अ तिथे नाहीच, मग गळणार काय? शिवाय ‘आ’ आणि त्याचा काना ही त्याच्या लेखी दोन वेगळी चिन्हे. उपाय : मुळाक्षर म्हणजे नुसते व्यंजन असे ठरवा आणि प्रत्येक स्वर सुटा लिहा : हअततअ. दिसायला ओबडधोबड, पण एका ध्वनीला एक चिन्ह. महाप्राण एकाच चिन्हात बसतो हा देवनागरीचा फायदा. रोमनमध्ये ‘क > ग’ हा नियम ख (kh) चाही घ करून टाकतो. मात्र ‘त्थ’, ‘क्ख’ ही दुहेरी व्यंजने ‘दोन सारखी चिन्हे’ या व्याख्येतून निसटतात, ती वेगळी नोंदवा. आणि ‘चार’ (संख्या) व ‘चारा’ यांतले दोन च तुमच्या भाषेतही असतील तर त्यांना दोन चिन्हे द्या. च खाली नुक्ता (टिंब) देऊ नका. तो सुटे चिन्ह मानला जातो.

प्रश्न : थोडे अपवाद ठेवले तर भाषा खरी वाटते ना? (बिबवेवाडी)

उत्तर : मनाने ठेवलेले अपवाद लगेच ओळखू येतात. अपवाद दिसला की आधी न पाहिलेला परिसर, म्हणजे त्या ध्वनीच्या आसपासची स्थिती, शोधा. संस्कृत ‘पिता’ आणि ‘भ्राता’ दोन्हींत त आहे, पण गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत पहिल्याच्या जागी द आणि दुसऱ्याच्या जागी थ. भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हेर्नर यांनी 1877 मध्ये कारण दाखवले : आघात. वेदांच्या उच्चारात तो टिकून आहे. ‘पिता’त शेवटी, ‘भ्राता’त आरंभी. परिसर सापडलाच नाही तर तो शब्द नंतर उसना घेतलेला ठरवा. ‘काम’ घडून गेल्यावर ‘कर्म’ पुन्हा आले, ‘दूध’ असताना ‘दुग्ध’ आले. उसन्या शब्दापुढे तो कितव्या नियमानंतर आला तो आकडा लिहा, आणि त्यापुढचे नियम मात्र त्याला लावा.