माळ्यावर सापडलेले जुने रिकर्व्ह धनुष्य वापरता येईल का?

धंतोलीतील जुने घर रिकामे करताना माळ्यावर आजोबांचे एक रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले) धनुष्य सापडले, त्यावर ‘बेअर’ या अमेरिकन कंपनीचे नाव, ‘कॅनडा १९५३’ आणि ४५ पाउंड असे लिहिले आहे, तर ते १९५३ सालचे आहे का आणि त्याने आज बाण मारता येतील का, असे तुम्ही विचारले आहे. मी नागपुरातच राहतो आणि अशी जुनी धनुष्ये जमवतो, पण केवळ भिंतीवर टांगण्यासाठी नव्हे. त्यामुळे उत्तर देण्याआधी एक विनंती करतो. तपासणी होईपर्यंत त्याला दोरी चढवू नका आणि पुढेही बाण न लावता दोरी ओढून कधीच सोडू नका, कारण बाणाला मिळायची ती सगळी शक्ती मग धनुष्यातच जिरते आणि साठ वर्षांचे लाकूड त्या एका झटक्यात फुटू शकते.

सालाबद्दल बोलायचे तर ‘कॅनडा १९५३’ हे पेटंटचे वर्ष आहे, धनुष्य बनवल्याचे नव्हे. ही गल्लत इतकी सर्रास होते की विकणारेही तेच साल सांगून भाव चढवतात. बेअरच्या धनुष्यात मुठीच्या वर एक गोल नाणे बसवलेले असते, ते पाहा. तांब्याचे असेल तर साधारण १९५९, ॲल्युमिनियमसारखे पांढरट असेल तर त्यानंतरची दोन-तीन वर्षे, पितळेचे असेल तर १९६३ ते १९७० हा काळ धरतात. त्याखेरीज ‘ग्रेलिंग, मिशिगन’ असा पत्ता छापलेला असेल तर धनुष्य १९७८ च्या आधीचे मानायला हरकत नाही, कारण त्या वर्षी कारखाना फ्लोरिडातील गेन्सव्हिलला हलला.

मात्र धनुष्य वापरण्याजोगे आहे की नाही हे नाण्यावरून नव्हे, लिम्बवरून ठरते. मुठीच्या वर आणि खाली जे दोन लवचीक भाग असतात त्यांना मैदानावर सगळे लिम्बच म्हणतात. त्यात मधे मेपलसारख्या लाकडाच्या पट्ट्या आणि दोन्ही बाजूंना फायबरग्लासचा थर असतो, आणि हे सारे केवळ डिंकाच्या भरवशावर एकत्र राहते. कापसाचा एक बोळा घेऊन दोन्ही लिम्बवरून, विशेषतः कडांवरून, हळूच फिरवा. जिथे तंतू अडकेल तिथे फायबर उचकटलेला आहे. फायबरग्लासमध्ये लांबीच्या दिशेने बारीक रेषा दिसल्या तर सहसा घाबरण्याचे कारण नसते, परंतु लिम्बच्या आडवी जाणारी भेग असेल किंवा थरांच्या मधे नख शिरत असेल तर ते धनुष्य शोभेचेच समजावे. लिम्ब किंचित पिळलेले असेल तर ते बहुधा सुधारता येते. मुठीत कोणी नेम धरण्याचे साधन बसवण्यासाठी स्क्रूची भोके पाडली असतील तर संग्राहक नाक मुरडतील, नेमबाजीत मात्र त्याने काही बिघडत नाही.

डिंकाचा उल्लेख केला तो अनुभवातून. मे महिन्यात एकदा मानकापूरला कामानिमित्त गेलो असता मी दोरी चढवलेले धनुष्य बंद गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून दोन तास विसरलो. बाहेर पंचेचाळीस अंश होते, आत किती असेल याचा अंदाज तुम्हीच करा. परत आलो तेव्हा खालच्या लिम्बचे थर टोकापासून वीतभर सुटलेले होते. ते धनुष्य आता खरोखरच भिंतीवर आहे.

दोरीच्या बाबतीत तडजोड करू नका. हल्लीच्या न ताणणाऱ्या दोऱ्या बाणाला वेग देतात, पण त्या काळच्या धनुष्यांची टोके त्यांच्या धक्क्यासाठी मजबूत केलेली नव्हती. दोरी टोकाच्या खाचेत चाकूसारखी रुतत जाते. डेक्रॉनचीच, म्हणजे थोडी ताणणाऱ्या कृत्रिम धाग्याची दोरी घ्या आणि ती मागवताना धनुष्यावर इंचांत लिहिलेली लांबी सांगा. चढवण्यासाठी दोन्ही टोकांत अडकवायची स्ट्रिंगर नावाची दोरी वापरा. धनुष्य मांडीमागे घालून वाकवण्याच्या जुन्या पद्धतीनेच बहुतेक लिम्ब पिळले जातात. पहिल्या दिवशी दहा इंच, मग पंधरा, मग वीस असे थांबत-थांबत ओढा आणि कान देऊन ऐका. करकर ऐकू आली तर तिथेच थांबा.

४५ पाउंड हे धनुष्याचे नव्हे, दोरी अठ्ठावीस इंच ओढल्यावर हाताला लागणारे वजन असते. तुमची ओढ किती ते पाहायला दोन्ही हातांच्या पसरलेल्या लांबीला अडीचने भागा. साडेपाच फुटी माणसाची ओढ साधारण सव्वीस इंच निघते, आणि दर इंचाला दोन-तीन पाउंड कमी होत असल्याने तुमच्या हाताला सुमारे चाळीसच लागतील. बाण फार हलका नको. पाउंडाला आठ ते दहा ग्रेन (एक ग्रेन म्हणजे ग्रॅमचा साधारण पंधरावा भाग) या हिशेबाने पंचवीस ग्रॅमच्या आसपासचा आणि पिसांचाच घ्या, कारण या धनुष्यात बाण मुठीवरच्या लाकडी खोबणीवरून घासत सुटतो आणि पिसांऐवजी लावलेले प्लॅस्टिकचे पाते तिथे आपटून त्याला वाकडा करते.

तरीही चाळीस पाउंड नवशिक्याला जडच आहेत. आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपद मिळवले ते कंपाउंड धनुष्याने. त्यातील चाके पूर्ण ओढीवर बहुतेक भार उचलतात. तुमच्या आजोबांच्या धनुष्यात ती सोय नाही, सगळा भार बोटांवर आणि पाठीवर येतो. म्हणून आधी एखाद्या प्रशिक्षकाकडे वीस-पंचवीस पाउंडांच्या धनुष्यावर काही महिने हात बसवा. तोवर हे धनुष्य दोरी उतरवून, टोकावर उभे न ठेवता, दोन रुंद खुंट्यांवर आडवे ठेवा आणि ती भिंत पश्चिमेकडची, उन्हाने तापणारी नसावी.