१९७२च्या ५५१३मध्ये डायल आधी बघा, चकाकी नंतर

तुमचा प्रश्न असा, की दुबईच्या एका डीलरकडे रोलेक्स सबमरिनर ५५१३ची दोन घड्याळं आहेत, दोन्ही १९७२ची. एक चकाचक, तकतकीत काळी डायल, आकड्यांच्या जागचे ठिपके अंधारात मस्त चमकतात. दुसऱ्याच्या बेझलचा, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्याचा, रंग उडून राखाडी झालाय, केसवर ओरखडे, ठिपके लोण्यासारखे पिवळट, आणि तरी तेच महाग. तुमचे भावोजी म्हणतायत चकाचकवालं घ्या. मी म्हणेन दुसरं घ्या, आणि का ते नीट सांगतो कारण यात पैसा खूप अडकतो.

पहिल्याच्या फोटोत ठिपक्यांभोवती पांढऱ्या धातूची बारीक कडा दिसतेय बघा. ५५१३ निघालं १९६२ला आणि १९८९च्या आसपास बंद झालं, पण ही कडावाली ग्लॉसी डायल त्यात आली ती ८०च्या दशकात. १९७२च्या घड्याळाला डायल हवी मॅट, म्हणजे बिनचकाकीची, ठिपके थेट तिच्यावर रंगवलेले, कडा नाही. म्हणजे ही नंतर कधीतरी बदललेली आहे. खोटी असेलच असं नाही, त्या काळी सर्व्हिसला दिलं की जुनी डायल नि काटे काढून नवे बसवायचे, घालणाऱ्यालाही तेच हवं असायचं. पण आज या घड्याळाच्या किमतीतला मोठा वाटा त्या जुन्या डायलचाच असतो.

आता चमकण्याचं. तेव्हा ठिपके अंधारात चमकावेत म्हणून त्यांत ट्रिटियम हे किरणोत्सर्गी द्रव्य असायचं, डायलच्या तळाला सहाच्या खाली टी आणि २५ लिहिलेलं असतं ते त्याचंच. ट्रिटियम दर १२.३ वर्षांनी निम्मं होतं, म्हणजे पन्नासेक वर्षांत सोळावा हिस्साही उरत नाही, त्यामुळे १९७२चं घड्याळ रात्री उशाशी ठेवलं तर काही दिसायला नको. टॉर्च मारल्यावर क्षणभर उजळून पटकन विझलं तर ठीक, पण बराच वेळ चमकत राहिलं तर ठिपक्यांतला चमकणारा मसाला नवा आहे हे नक्की. दुसऱ्या घड्याळात काट्यांवरचा आणि डायलवरचा पिवळेपणा एकमेकांशी जुळतो का तेही बघा, काटे पांढरे नि डायल पिवळी असेल तर काटे बदललेत, भाव पाडून मागा.

मग केस. ओरखड्यांना अजिबात घाबरू नका. घाबरायचं ते पॉलिशला, कारण प्रत्येक बफिंगला स्टील जातं आणि ते परत येत नाही. पट्टा जिथे अडकतो ते चारही लग सारखे जाड आहेत का, त्यांच्या कडेची तिरकी धार शिल्लक आहे का, क्राऊनच्या, म्हणजे चावीच्या, दोन्ही बाजूंचे गार्ड सारखे आहेत का, हे बघा. पट्टा काढून लगांच्या मधले फोटो मागा, बाराच्या बाजूला रेफरन्स, म्हणजे ५५१३ हा मॉडेल नंबर, आणि सहाच्या बाजूला सिरीयल नंबर कोरलेला असतो. डीलर पट्टा काढायला टाळाटाळ करत असेल तर विषय तिथेच सोडा.

उडालेली बेझल मात्र प्रत्येकाच्या आवडीची गोष्ट. ॲल्युमिनियमचा रंग उन्हाने, समुद्राने जातो, मला स्वतःला तो राखाडी फार आवडतो. बदलायची हौस असेल तरी जुनी जपून ठेवा.

बजेट ताणायचं नसेल तर रोलेक्सच्याच भावंड ब्रँडची, ट्युडरची, जुनी सबमरिनर बघा, किंवा स्विस फाव्र ल्युबाचं डीप ब्लू हे घड्याळ. फाव्र ल्युबा आपल्याकडे घरोघरी होतं, आणि त्यांनी १९६८ला बाथी नावाचं घड्याळ काढलं ते मेकॅनिकल असून काट्याने पाण्याची खोली दाखवायचं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. फक्त मुंबईत डायल नव्याने रंगवून विकायचा धंदा जोरात आहे, तेव्हा स्वस्तात मिळालं आणि डायल फारच ताजी दिसली तर वरचेच प्रश्न तिथेही विचारा.

घेतल्यावर सर्व्हिसला देताना पॉलिश नको, डायल-काटे-बेझल काही बदलायचं नाही, हे लेखी द्या. आतलं १५२० मशीन साधं आणि दणकट आहे, जाणता कारागीर असेल तर चिंता नाही. आणि तारकर्लीला स्कुबाला घालू का विचारलंय, तर नको. २०० मीटर खोलीपर्यंत पाणी शिरणार नाही, हे नवं असतानाचं. गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, बदलून प्रेशर टेस्ट पास झालं तरी मी नेणार नाही, पाणी शिरलं तर मशीन दुरुस्त होईल, ती डायल नाही होणार.