9 लाखांचं लोन, मास कॉम आणि बेस्याचा प्लॉट

नागपूरच्या मानेवाड्याहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगी यंदा बारावी आर्ट्स झाली, 78 टक्के, तिला मास कॉम म्हणजे पत्रकारिता-मीडियाचा कोर्स करायचाय आणि तेही पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात. तीन वर्षांची फी आणि होस्टेल धरून 9 लाख, बँक द्यायला तयार आहे पण बेस्याचा प्लॉट तारण ठेवा म्हणून राहिली, मिस्टरांचं वर्षाचं उत्पन्न साडेसहा लाख, आणि कॉलेजवाल्यांनी सांगितलंय की मागच्या वर्षी हायेस्ट पॅकेज 12 लाखांचं गेलं. शेवटी एकच प्रश्न, "लोन फिटेल ना हो?"

ताई, आधी हिशोब मांडू, बाकीचं मग बोलू. बँक 9 लाख एकदम देत नाही, दरवर्षी 3-3 लाख सोडते. व्याज 10 टक्के धरू. कोर्स आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो म्हणून लोकांना वाटतं तोवर काही नाही, पण सरळव्याज चालूच असतं, पहिल्या वर्षी 30 हजार, दुसऱ्या वर्षी 60, मग 90 आणि पुन्हा 90. म्हणजे पहिला हप्ता सुरू होईल तेव्हा 9 चे 11 लाख 70 हजार झालेले असतील. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साडेपंधरा हजार, पंधरा वर्षांत फेडायचं तर साडेबारा हजारांच्या वर, आणि त्यात एकूण साडेबावीस लाख जातात. पोरगी तोवर चाळिशीच्या जवळ आलेली असेल.

आता पगार. माझ्याकडे या लाइनमधले जे पोट्टे येतात, कोणी पेपरात, कोणी पोर्टलला, कोणी छोट्या जाहिरात एजन्सीत, ते पहिला पगार 15 ते 25 हजारांच्या मधला सांगतात. 22 हजार धरा आणि त्यातून साडेपंधरा काढा, उरलेल्या साडेसहात पुण्यात खोलीभाडं, मेस, बस... होत नाही ना बाप्पा! मग हप्ता मिस्टर भरतील, दुसरं काय.

आणि ते 12 लाख. हायेस्ट पॅकेज एका मुलाचं असतं, आणि तो मुलगा बीएचा होता की त्याच विद्यापीठाच्या एमबीएचा हे माहितीपत्रकात नीट लिहिलेलं नसतं. तुम्ही फोन करून विचारा की फक्त या कोर्सच्या मुलांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं तर मधल्याचा पगार किती, बॅचमध्ये किती होते, ऑफर लेटर किती जणांना मिळालं, आणि हे मागच्या तीन वर्षांचं लेखी द्या. टाळाटाळ केली तर तेच उत्तर समजा. लिंक्डइनवर दोन वर्षांपूर्वी पास झालेल्या दोन-तीन मुली शोधून मुलीलाच त्यांच्याशी बोलायला लावा, पोरी पोरींना खरं सांगतात.

प्लॉटचं सांगतो, कारण पत्र वाचताना मी तिथेच अडकलो. साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका तारण मागतात, म्हणून तुम्हाला मागितलं. पण 2024 मध्ये आलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक संस्थांच्या यादीतल्या कॉलेजला मेरिटवर अ‍ॅडमिशन असेल तर तारणही लागत नाही न् जामीनदारही, आणि घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर कोर्स आणि पुढच्या एका वर्षाच्या व्याजात 3 टक्के सूट मिळू शकते. मॅनेजमेंट कोट्याला नाही. तेव्हा यादीत हे विद्यापीठ आहे का ते योजनेच्या पोर्टलवर बघा. नसेल, तर सरकारच्या यादीत न बसणाऱ्या कॉलेजसाठी आपण काहून प्लॉट लिहून द्यायचा?

मी स्वतः काही वर्षांपूर्वी एका मुलाला असंच हो म्हटलं होतं, आवड आहे ना, घे लोन, जा. पोरगा हुशार, नोकरीही लागली, पण हप्त्याच्या भीतीने त्याने रिपोर्टिंग सोडलं आणि कॉल सेंटरला गेला, तिथे 6 हजार जास्त होते म्हणून. आवड होती तीच लोनने खाल्ली. तेव्हापासून माझा नियम, हप्ता पहिल्या पगाराच्या चौथ्या हिश्श्याच्या वर गेला तर नाही.

पोरीला मास कॉम करू देऊ नका असं मी म्हणत नाहीये हां. या फील्डमध्ये मुलाखतीला डिग्री कुठली यापेक्षा काय केलंय ते दाखव म्हणतात. बीए इथेच नागपुरात करा, इंग्रजी आणि मराठी दोन्ही पक्कं, एखादा विषय अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र ठेवा, आणि तीन वर्षं लिहा, शूट करा, एडिटिंग शिका. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आपल्याच गावात भरतं, अख्खं सरकार आणि मुंबईचे पत्रकार इथे येतात, त्या दिवसांत एखाद्या पेपरला फुकट राबली तरी चालेल. मग पीजीला आपल्या नागपूर विद्यापीठाचा जनसंवाद विभाग आहे, अमरावतीला आयआयएमसी, म्हणजे केंद्र सरकारची पत्रकारिता शिकवणारी संस्था आहे. तेव्हा 3 लाखांचं लोन लागलं तरी, शिकतानाचं व्याज घरून भरत गेलात तर, सात वर्षांचा हप्ता 5 हजारांच्या आसपास येतो, तो ती स्वतः भरेल.

आणि तरी पुण्यालाच जायचं ठरलं तर लोन साडेसातच्या आत आणा, बाकी घरून घाला, आणि शिकत असतानाच व्याज भरत जा, बऱ्याच बँका त्याबद्दल दरात सूट देतात आणि मुलींना वेगळी अर्धा टक्का मिळते का तेही विचारा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची करसवलत मिस्टर जुन्या टॅक्स रिजीममध्ये असतील तरच मिळेल, नव्यात नाही.

बँकेच्या कागदांवर सही करायच्या आधी मुलीला घेऊन एकदा या. तिने आजवर जे काही लिहिलं, शूट केलं ते मोबाईलमध्ये आणायला सांगा, अर्ध्या मिनिटाची रील असली तरी चालेल. काहीच नसेल तर तेही सांगा, मग आपलं बोलणं जरा वेगळं होईल.